कच्चा टाका

मशीनकाकूंनी झेंड्याची घडी मांडीवर घेतली, सुईत पांढरा दोरा ओवला आणि घडीच्या सगळ्या पदरांतून आरपार एक टाका घातला. मग त्याच्याशेजारी दुसरा. टाके कच्चेच होते, पण दोरा दुहेरी आणि मेण लावलेला होता, जाड कोटाच्या बटणांना वापरतात तो. खालून कोणी कितीही जोर लावून दोरी ओढली असती तरी ही घडी उघडली नसती. दोरा दातांनी तोडून काकूंनी त्याची टोकं आत दडपली आणि वरून हात फिरवला. बाहेरून काही कळत नव्हतं.

"काकू, झालं का? बँडवाले कधीचे येऊन बसलेत!"

दारात इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर कागदी फूल आणि चेहऱ्यावर आख्ख्या देशाचा भार.

"कड उसवली होती. फाटका झेंडा वर चढवणार होतात का?"

"छे छे, शिवा ना. द्या इकडे, मी नेऊन बांधतो."

"गाठ तुम्ही मारा, पण घडीला हात लावू नका. दरवर्षी माझीच घडी असते. कधी अडली का?"

"तुमची घडी आणि अडेल?" असं म्हणत सेक्रेटरी घडी दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरले.

काकूंनी सुई उशीत टोचून ठेवली. या इमारतीत स्वातंत्र्यदिनाची दोरी सगळ्यांत वयस्क माणसानं ओढायची, अशी पद्धत होती. एकेक करत वडीलधारे गेले आणि यंदा तो मान शेजारच्या औषधवाल्यांकडे आला. सेक्रेटरींनी जिन्यात ही बातमी हसतहसत सांगितली, तेव्हाच काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या हातानं झेंडा उघडणार नाही. सगळी इमारत बघेल, कुजबुजेल, कारण विचारेल आणि मग काकू इतकी वर्षं गिळून ठेवलेलं सगळं सगळ्यांसमोर बोलून टाकतील.

परक्यांचं राज्य जाऊन जमाना झाला होता. रस्त्यांची नावं बदलली, नाण्यांवरची डोकी बदलली; काकूंच्या दाराच्या दोन कड्या मात्र निघाल्या नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं की शिवणाचं मशीन थांबायचं. पाऊल ओळखीचं असेल तर पुन्हा सुरू व्हायचं, नसेल तर ते वरच्या मजल्यावर जाईपर्यंत काकू श्वास रोखून बसायच्या. नव्या भाडेकरूशी त्या वर्षभर बोलत नसत. कोणी आपणहून गोड बोललं तर त्याचा काय डाव असेल, ते शोधत. लोकांना वाटायचं, म्हातारीचा स्वभाव तिरसट. पण त्यांच्या डोक्यातून एक चादर काही जात नव्हती.

काकूंचा नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाची ती अक्षरं उलटी असतात आणि ओळही उलटीच वाचावी लागते. जन्मभर उलटं वाचून त्याचं बाकीचंही सगळं उलटं झालं होतं. सदरा उलटा घालायचा, डाव्या पायातली चप्पल उजव्यात घालायचा, पाहुण्यांना रस्ता सांगताना डावीकडे म्हणत उजवीकडे हात करायचा. शेजारच्या औषधवाल्यांनी त्याचं नाव उलटेराव पाडलं होतं. दोघांची दोस्ती घट्ट होती. छापखान्यात रात्री परक्यांच्या राज्याविरुद्ध पत्रकं छापली जात आणि ती औषधांच्या खोक्यांतून गावभर जात. मग कुणकुण लागली आणि उलटेराव घर सोडून लपला.

पोर तापानं फणफणली होती म्हणून एका पहाटे तो हळूच येऊन गेला. जाताना त्यानं खूण ठरवून दिली होती. संध्याकाळी तो पुन्हा येणार होता. तोवर घरात शिपाई आले, तर काकूंनी गॅलरीत निळ्या काठाची चादर वाळत घालायची.

शिपाई दुपारीच आले आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिले. काकूंनी पोरीच्या अंगाखालची चादर ओढली, पाण्यातून काढली, "घाण झालीय, वाळत घालते," असं म्हणत बंदुकीसमोरून गॅलरीत गेल्या आणि कठड्यावर पसरून आल्या. शिपायांना संशयसुद्धा आला नाही. आपण इतकं धैर्य कुठून आणलं, हे त्यांना पुढे कधी कळलं नाही. पण त्या धैर्यावर त्यांनी सगळा जन्म काढला.

आणि तरीही नवरा आला. दार ढकलून हसत हसत आला आणि पकडला गेला. तुरुंगातून तो परतलाच नाही. त्याच्यामागोमाग काकूंनाही ठाण्यावर नेलं, रात्री सोडलं. घरी येऊन बघतात तर गॅलरीचा कठडा रिकामा! दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी आडोशापलीकडे, औषधवाल्यांच्या गॅलरीत, तीच चादर घडी घालून ठेवलेली त्यांना दिसली. नवरा येण्याआधी यांनीच ती काढून घेतली होती, आणखी पुरावा कशाला हवा होता? आडोशावरून हात घालून ती काढू शकेल असा दुसरा कोण होता? त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"आई, अजून तयार नाहीस?" लेक सासरहून खास आली होती. "काकांना आज मान मिळतोय, निदान आज तरी त्यांच्याकडे बघून हस."

"तो माणूस उगीच कोणाला काही देत नाही. तुला लहानपणी औषधं फुकट का द्यायचा, कधी विचार केलास?"

"आई, खोकल्याचं औषध होतं ते, राजवाडा नव्हता."

त्यातल्या अर्ध्याअधिक बाटल्या त्यांनी मोरीत ओतल्या होत्या, हे लेकीला माहीत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. पावलं काकूंना ऐकूच आली नव्हती.

"वहिनी, येऊ का?"

दारात औषधवाले काठी टेकून उभे होते. नवे कपडे, चापून बसवलेले पांढरे केस. लेकीनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि "मी पुढे होते," म्हणत ती निघूनही गेली. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आज दोरी तुम्ही ओढावी, असं माझ्या मनात आहे," औषधवाले म्हणाले.

काकूंना वाटलं, याला कळलं. त्या आडोशाला फट आहे, तिथून यानं टाके घालताना पाहिलं, आणि आता फजिती माझ्याच गळ्यात घालायला आलाय.

"मान तुमचा आहे," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "इमारतीची पद्धत मोडायला नको."

"मान कसला, वहिनी? उलटेराव असता तर त्यानंच ओढली असती." ते नाव या खोलीत फार वर्षांनी उच्चारलं गेलं. "आज मला एकदा बोलू द्या. पुन्हा त्रास देणार नाही. तुम्ही माझ्याशी का बोलत नाही, ते मी जाणतो. तुम्हाला लाज वाटते."

"मला? लाज?"

"रागावू नका. त्या संध्याकाळी तो मागच्या गल्लीनं आधी माझ्या दुकानात आला होता. मला म्हणाला, बाहेर जाऊन बघ, चादर दिसतेय का. मी रस्त्यावर येऊन वर पाहिलं. होती चादर, निळ्या काठाची. आत जाऊन मी सांगितलं, आहे. तो हसला. म्हणाला, मग रस्ता मोकळा, पोरीला बघून येतो. आणि गेला."

काकूंनी हात मागे नेऊन भिंत चाचपली.

"चादर असली तर मोकळं, नसली तर धोका. मला त्यानं तसंच सांगून ठेवलं होतं, तुम्हालाही सांगितलं असणार. मग घरात शिपाई असताना चादर बाहेर कशी? विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. मग लक्षात आलं, त्यांनी ती तुमच्याकडून घालून घेतली. तुम्हाला खाली नेताना पाहिलं आणि मी आडोशावरून ती ओढून घेतली, आणखी कोणी फसू नये म्हणून. काही लोक तुमच्याबद्दल वाईटसाईट बोलायला लागले होते. त्यांना मी सांगितलं, वहिनींनी घातलीच नव्हती, वाऱ्यानं उडून कठड्यावर आली होती चादर. त्यांची तोंडं बंद झाली."

हा रचून सांगतोय, काकूंच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. आयुष्यभराची सवय होती ती. त्यांनी सगळी हकिकत उलटीपालटी करून पाहिली, गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी शिवण तपासतात तशी. कुठे सुटलेला धागा सापडेना. त्याऐवजी ती पहाट डोळ्यांपुढे आली. अंधारात त्यानं उजवी चप्पल डाव्या पायात घातली होती आणि काकूंना हसू फुटलं होतं. कडीवर हात ठेवून तो म्हणाला होता, "शिपाई असले तर चादर घाल. चादर दिसली की मी फिरकणार नाही." त्यांना त्यानं असं सांगितलं आणि दोस्ताला नेमकं उलटं. संध्याकाळपर्यंत दोस्ताला सांगितलेलंच त्याच्या डोक्यात उरलं.

कोणी चादर काढली नव्हती. ती जागच्या जागी होती. बंदुकीसमोरून त्यांनी ती नेली होती आणि ती बघूनच तो आला.

"एकदाच विचारतो," औषधवाले खाली बघत म्हणाले. "दोष द्यायला नाही. पोरगी मांडीवर, समोर बंदुका. दुसरं कोणी काय करणार होतं? मनाची खात्री व्हावी म्हणून विचारतो. त्यांनी भाग पाडलं ना तुम्हाला?"

नाही! हा शब्द काकूंच्या अगदी ओठांवर आला. मी कोणाला भ्याले नाही. मी 'येऊ नकोस' म्हणून चादर घातली होती. मग त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचे हात काठीवर होते. रस्त्यावर येऊन, वर बघून, आत जाऊन 'आहे' असं सांगणारा माणूस हाच होता. खरं कळलं तर हा उरलेले दिवस कसे काढील?

"औषधवाले! काकू! चला, सगळे खोळंबलेत!" खालून सेक्रेटरींनी हाक मारली.

"चला," काकू म्हणाल्या.

जिन्याच्या वळणावर त्यांना टाके आठवले. त्या थबकल्या. अंगणात आल्या तेव्हा घडी खांबाच्या टोकाला पोचली होती. लोक रांगेत उभे होते, बँडवाल्यांनी ढोलावर काठी ठेवली होती. काकू पुढे झाल्या, पण काय म्हणणार? औषधवाल्यांनी काठी लेकीच्या हातात दिली, दोरी धरली आणि ओढली.

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा ओढली. घडी वर खांबाला आपटली आणि तशीच लोंबत राहिली. मागून कोणी तरी "अपशकुन" असं पुटपुटलं. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला.

"घडी काकूंची आहे. कधी अडत नाही ती," ते म्हणाले आणि सगळ्यांचे डोळे काकूंकडे वळले.

"घडीला बोल लावू नका. खाली घ्या आधी," औषधवाले म्हणाले.

घडी खाली आली. त्यांनीच ती आधी हातात घेतली. अंगठा कडेवरून फिरत गेला आणि एका जागी थांबला. त्यांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. सेक्रेटरी वाकून बघायला आले तसा त्यांनी त्या जागेवर तळवा ठेवला.

"मीच मघाशी वर येताना दोरी ओढून बघितली होती. तेव्हाच पीळ पडला असणार. म्हातारपणी हात शिवशिवतात, दुसरं काय?" लोक हसले. "वहिनी, तेवढा पीळ सोडवा. मला दिसत नाही."

काकूंनी घडी छातीशी धरली, पाठ वळवली आणि दोरा दातांनी तोडला. मेणाची चव जिभेवर आली. दोऱ्याचे तुकडे त्यांनी मुठीत घेतले. सेक्रेटरींनी नवी गाठ मारून घडी वर चढवली. औषधवाल्यांनी दोरी ओढली आणि झेंडा एका झटक्यात उघडला. ढोल वाजू लागला. सगळे ताठ उभे राहिले. लेक डोळे पुसत होती.

त्या आवाजात औषधवाले काकूंच्या कानाशी लागले. "टाके का घातलेत, वहिनी?"

आता खरं सांगितलं असतं तरी बँडच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसतं. काकू समोरच बघत राहिल्या. मुठीतला दोरा घामानं ओला झाला होता. वर तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या गॅलरीचा कठडा रिकामा दिसत होता.

"लाजेनं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

हा शब्द ऐकून औषधवाल्यांची मान झटकन वळली.

"तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं," काकू म्हणाल्या. "भाग पाडलं त्यांनी. पोरगी मांडीवर होती. मी घाबरले."

औषधवाल्यांनी चष्मा काढला, नव्या सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"कोणीही घाबरलं असतं, वहिनी," ते म्हणाले. "कोणीही."