काळकाईची पालखी आणि दोन दाढा

मला कुणी भित्री म्हटलं तर मी त्याचं थोबाड रंगवीन. पण त्या शिमग्याला मी भ्याले होते, हे आज सांगून टाकते. आणि आमचे धनी तर माझ्याहून सवाई. कोयता घेऊन रानडुकराच्या मागं धावणारा माणूस, पण दवाखान्याचं नाव काढलं की गोठ्यात जाऊन बसायचा.

दिवाळीपासून त्यांची दाढ ठणकत होती. रात्री डोळ्याला डोळा नाय, आणि दिवसा बघावं तिथं घोरतायत. पेंढा रचता रचता उडवीवर झोपले. घास हातात धरून ताटावर झोपले. गावकीच्या बैठकीत सगळे मानकरी बसलेले असताना तोंड उघडं टाकून असे घोरले की सयाजीबाबांना बोलणं थांबवावं लागलं. लोक हसतील नायतर काय करतील?

नुसत्या हसण्यावर भागलं असतं तर मी गिळून घेतलं असतं. पण आमच्या कापडे गावात शिमग्याला काळकाईची पालखी नाचवतात, आणि तिच्या पुढच्या दांडीचा मान आमच्या घराचा. सकाळपासून ऊन कलेपर्यंत ढोल-सनईच्या खालूबाजावर ती पालखी खांद्यावर खेळवायची, गुडघ्यावर बसून नाचवायची, दारोदार न्यायची. पेंगणाऱ्याचं ते काम नाय. सयाजीबाबा गावातले जुने मानकरी, त्यांनी भर बैठकीत सांगितलं की पौर्णिमेपर्यंत हा गडी ताळ्यावर आला नाय तर दांडी गोमाजीला द्यायची. गोमाजी माझा चुलत दीर. आणि दांडी एकदा त्या घरात गेली की गेली. मग माझ्या पोरानं, चांगूनं, मोठं होऊन काय करायचं, मागं राहून गुलाल उधळायचा? माझा नुसता जळफळाट झाला.

ह्यांच्या भीतीला कारण होतं, नाय असं नाय. लहानपणी ह्यांनी बापाची दाढ निघताना बघितली होती. लोहारानं सांडशी घातली, चौघांनी हातपाय धरले, आणि एवढं करून निघाली ती शेजारची चांगली दाढ. तेव्हापासून लोहाराच्या दारावरून जायचं तरी हे तोंड मिटून जातात.

पोलादपूर ते महाड मोटार चालवणारा नासिर, त्यानं मला सांगितलं की महाडच्या दवाखान्यात मुंबईचा नवा डॉक्टर आलाय. आधी सुई टोचतो, हिरडी बधिर करतो, मग ओढतो. मी ह्यांना त्यातलं अक्षर सांगितलं नाय. पालखीसाठी नवा फेटा आणायचा म्हणून सांगितलं, आणि पौर्णिमेच्या पाच दिवस आधी, पोलादपूरपर्यंत चालत जाऊन, ह्यांना मोटारीत चढवलं. मोटार चांगली जोरात निघाल्यावर नासिरनं मागं वळून इचारलं, काय, दाढ काढायला निघालात वाटतं. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. पण धावत्या मोटारीतून उडी थोडीच मारता येते.

दवाखान्यात कंपाउंडर वही घेऊन बसला होता. त्यानं ह्यांना नाव इचारलं. ह्यांचा गाल सुजलेला, वरून टॉवेल गुंडाळलेला. ह्यांनी तोंडावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. कंपाउंडर म्हणाला, बाई, तुम्ही सांगा. आता नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं असतं का कधी? आमच्या गावचं कुणी बरोबर असतं तर त्यानं घेतलं असतं. मी पदर तोंडाला लावून जमिनीकडं बघत राहिले. मागची माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, उखाणा घ्या बाई, आणि सगळा व्हरांडा हसला. असा संताप आला. शेवटी कंपाउंडर वैतागून म्हणाला की निदान स्वतःचं तरी नाव सांगा. ते मी ठणकावून सांगितलं. रंगूबाई, कापडे. त्यानं तेच वहीत लिहिलं.

थोड्या वेळानं आतून हाक आली, रंगूबाई. मी ह्यांचं मनगट धरून निघाले, तर ह्यांनी दारातच हात सोडवून घेतला. आत डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. मी नव्हे, दाढवाला बाहेर हाय, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी त्याच तोंडात आरसा घातला.

आता खरं सांगते. दोन वर्षं माझी खालची दाढ पोखरलेली होती. मी तिच्यात मशेरी भरायचे आणि गप्प राहायचे. भीत होते, दुसरं काय. मीसुद्धा दिवसा जात्यावर डुलक्या घ्यायचे, आणि कुणी बघितलं तर उन्हानं अंग जड झालं म्हणून सांगायचे. ज्याच्यासाठी नवऱ्याला उठता बसता बोलत होते, तेच माझं चाललेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ही दाढ ठेवून चालणार नाही, बाई. काढू का?"

मी दाराकडं बघितलं. धनी चौकटीला धरून उभे होते, एक पाऊल बाहेर टाकून. मी खुर्चीतून उठले तर हा माणूस थेट कापड्यापर्यंत पळत जाईल, आणि दांडी गोमाजीची होईल, हे मला लख्ख दिसलं.

"काढा," मी म्हणाले.

सुई टोचली तेव्हा डोळ्यातनं पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग गाल कुणा परक्याचा असल्यासारखा झाला. डॉक्टर काहीतरी करत राहिले, करकर असा आवाज झाला. मी डोळे घट्ट मिटून काळकाईला हाका मारत होते. बराच वेळ झाला तरी दुखेना, तेव्हा मी बोबड्या जिभेनं इचारलं की ओढणार कधी. डॉक्टरांनी ताटली पुढं केली. दाढ त्यात पडलेली. मला असं हसू फुटलं की तोंडातला बोळा बाहेर पडला. आणि मागं बघते तर धनी टॉवेल सोडून खुर्चीपाशी येऊन उभे. म्हणाले, ऊठ आता, मला बसू दे.

परतताना दोघांच्या तोंडात कापसाचे बोळे. महाड ते पोलादपूर आम्ही एका शब्दानं भांडलो नाय. नासिर म्हणाला की इतकं गुणी जोडपं त्याच्या मोटारीत आजवर बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलेलं आणि म्हशी हंबरून थकलेल्या. काय ती झोप! तिसऱ्या दिवसापासून तर अंगात वारं शिरलं. ह्यांनी एका सकाळीत सगळं कुंपण घातलं. मी दुपारच्या आत भात कांडून मोकळी झाले आणि शेजारणीला इचारलं, तुझं काही कांडायचं हाय का गो.

पौर्णिमेला पालखी उठली. खालूबाजा घुमला आणि धन्यांनी पुढची दांडी खांद्यावर घेतली. काय नाचले म्हणता! गोमाजी कंबर बांधून शेजारी तयार उभा, हे कधी जांभई देतायत ते बघत. ऊन डोक्यावर आलं तरी ह्यांचा पाय थांबेना. सयाजीबाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की दांडी जिथं हाय तिथंच राहील. माझ्या काळजावरचा दगड उतरला.

मग पालखी आमच्या अंगणात पाटावर टेकली. मी देवीची ओटी भरायला बसले. धनी घामानं न्हालेले, माझ्यापाशी वाकले आणि हळूच म्हणाले,

"त्या कंपाउंडरला मला माझं नाव सांगता येत होतं गो. तोंड उघडत होतं माझं."

"मग सांगितलं का नाय?"

"दिवाळीपासनं जागाच होतो ना मी. तू उठून मशेरी भरायचीस, मला जाग येऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबायचीस. म्हटलं, वहीत तुझं नाव लागलं तर तुझी दाढ तरी निघंल. दांडी काय, गोमाजीनं नाचवली असती."

माझ्या ओंजळीतले तांदूळ पाटावर सांडले. ज्या दांडीसाठी मी त्या खुर्चीत बसले, ती ह्या माणसानं माझ्या दाढेपायी केव्हाच सोडून दिली होती. इतके महिने एका घोंगडीवर दोघं जागे, आणि दोघंही गप्प. मला राग आला, खूप राग आला, चार शब्द सुनावणार होते. पण खालूबाजा वाजला आणि ह्यांनी परत दांडीखाली खांदा दिला. मी तिथंच बसून रडत राहिले, आणि बायकांना वाटलं मी देवीपुढं रडतेय.