रेडिओवरची ताई

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे ‘नकाशा’ म्हणत. शहरातला कुठला बोळ पुढे बंद होतो, कुठल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हे तिला तोंडपाठ. कानाला हेडफोन लावून ती नऊ वर्षं त्या खुर्चीत बसली होती, आणि नऊ वर्षं बावीस ड्रायव्हर तिला रेडिओवर ‘दादा’ म्हणत आले होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना समोर पुरुषच दिसत होता. आपण आतून बाई आहोत, याचा तिनं कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता.

रेडिओवर ती क्रियापदं गिळायची. ‘मी पाठवतो’ म्हणायला जीभ रेटत नसे आणि ‘मी पाठवते’ म्हणायची छाती होत नसे. म्हणून ‘गाडी निघाली’, ‘पत्ता देण्यात येत आहे’ असं सरकारी छापाचं बोलायची. लोकांना वाटायचं, काय शिस्त आहे!

चाळिशी जवळ आली तसं हे ओझं पेलेना. डॉक्टरांशी बोलून उपचार ठरले आणि एका सकाळी ती राजीनामा लिहूनच कक्षप्रमुख बाईंसमोर उभी राहिली. बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. तिनं खाली मान घालून एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाईंनी राजीनामा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि कागद तिच्या हातात परत दिला.

“हे कशाला? तू बाई आहेस म्हणून रस्ते विसरणार आहेस का?”

“नाही, पण लोक...”

“लोकांचं मी बघते. रजा किती लागेल ते सांग. टेबलावरच्या पाटीवर नाव काय लावायचं तेही सांग. आणि बायकांच्या खोलीत एक कपाट रिकामं आहे. दार अडकतं त्याचं, लाथ घालावी लागते.”

हसावं की रडावं, तिला कळेना. रात्र रात्र जागून तिनं किती वाद मनात घोळवले होते, किती उत्तरं तयार ठेवली होती! त्यातलं एकही लागलं नाही.

ड्रायव्हरांना मात्र तिनं स्वतःच सांगायचं ठरवलं. पाळी बदलताना सगळे चहाचे कप घेऊन उभे होते. तिचं बोलून झालं. मग सगळ्यांत वयस्कर ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणत, घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे आता तुम्हाला ताई म्हणायचं?”

“म्हणालात तर बरं वाटेल.”

“म्हणू की! पण माझी जीभ म्हातारी आहे, घसरेल. राग धरू नका.”

चार महिन्यांनी ती रजेवरून परतली, तेव्हा काकांची जीभ खरंच घसरत होती. ‘दादा... आपलं ते, ताई!’ असं दिवसातून दहादा. शेवटी त्यांनी घरी सराव सुरू केला. “काल बायकोलाच ताई म्हणालो,” त्यांनी एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं रेडिओवर कबूल केलं. “आज उपाशी आहे.” गाड्यागाड्यांतून हसू फुटलं, आणि तीही किती दिवसांनी खळखळून हसली.

सगळेच काही काकांसारखे नव्हते. गाडीवरचा एक परिचारक तिला मुद्दाम ‘दादासाहेब’ म्हणून खिजवायचा. बाईंनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण त्यानंतर तो तिला नुसतं ‘कंट्रोल’ म्हणू लागला. त्याच्याशी तिचं सूत कधी जुळलं नाही. पण खिजवणं थांबलं.

मग एका दुपारी कक्षातल्या संगणकांचे सगळे पडदे एकदम काळे झाले. गाड्यांना रस्ता दाखवणारी यंत्रणाच बंद पडली. सहा गाड्या रस्त्यावर. जुन्या बाजारात एका माणसाला हृदयविकाराचा झटका आलेला, आणि त्याच्याकडे निघालेली काकांची गाडी नेमकी खोदलेल्या रस्त्यापाशी अडकलेली.

“ताई, पुढे रस्ता नाही! डावीकडे घेऊ की उजवीकडे?”

“डावीकडे, पाण्याच्या टाकीमागून. तिसऱ्या वळणावर लोखंडी फाटक लागेल, ते मी फोन करून उघडायला लावते. थांबू नका काका, मी सांगत जाते!”

चाळीस मिनिटं ती अशीच बोलत राहिली, कधी या गाडीशी, कधी त्या. सहाही गाड्या पोचल्या. बाजारातला माणूस वाचला. पडदे पुन्हा उजळले तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की त्या सगळ्या धांदलीत काका एकदाही अडखळले नव्हते आणि तिनंही एकही क्रियापद गिळलं नव्हतं. हेडफोन काढून ती बायकांच्या खोलीत गेली आणि पोटभर रडली.

घरी तिचे वडील होते. निवृत्त लेथ कारागीर, मुळातच मितभाषी. ते तिला कधी वाईटसाईट बोलले नाहीत, पण उपचारांपासून ते तिच्याकडे बघून बोलतच नसत. पुढच्या महिन्यात कक्षात घरच्यांना बोलावायचा दिवस होता. दरवर्षी ती सांगायचंच टाळायची. या वेळी मन घट्ट करून तिनं विचारलं, “येता का, बाबा?”

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी अवघडून उभे राहिले. काकांनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्या दुपारची सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली.

बाबा मुकाट्यानं ऐकत होते. शेवटी म्हणाले, “माझी मुलगी एवढं बोलते? घरी तर विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही!”

मुलगी म्हणाले होते ते, आणि तेही कसं, तर तक्रारीच्या सुरात! मग बाबांनी तिच्याकडे पाहिलं, सरळ, आणि खुर्चीकडे बोट दाखवत विचारलं, “इथंच बसतेस का गं?”

तिनं मान डोलावली.

थोड्या वेळानं बाई एकट्या दिसल्या तशी ती त्यांच्यापाशी गेली. “बाई, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही त्या दिवशी तो कागद घेतला असतात तर...”

“उपकार कसले? तू गेली असतीस तर त्या दुपारी मी काय केलं असतं?” बाईंचा आवाज जरा ओला झाला होता. त्यांनी तो लगेच सावरला. “जा, वडिलांना आधी काहीतरी खायला दे. काकांच्या तावडीत सापडलेत, आता संध्याकाळपर्यंत सुटका नाही त्यांची.”

ती डोळे पुसत वळली आणि दोन बशा भरून घेऊन त्या दोघांकडे गेली.