तीनपाशी आलेख पळत नाही

x ची किंमत तीन केली की छेद शून्य होत होता. तरीही तीनच्या दोन्ही बाजूंना आलेख शांत होता.

सारवलेल्या अंगणात उर्वशीने तो रांगोळीच्या ठिपक्यांनी मांडला होता. वर x² − x − 6, खाली x² − 9. एक वीत म्हणजे एक. उणे तीनपाशी ठिपके रीतसर उधळले होते: डावीकडचा अकरा विती वर, थेट गोठ्याच्या दारात, उजवीकडचा नऊ विती खाली. तिथे उभी अनंतस्पर्शी रेषा होती, आलेख जिच्या कडेने अनंताकडे पळतो ती, यात शंका नव्हती. तीनपाशी मात्र २.९ ला ०.८३ आणि ३.१ ला ०.८४.

अकरा वाजता तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिला हाच पाठ शिकवून दाखवायचा होता. जमला तर नोकरी. तिच्या टिपणात उभ्या रेषा दोन होत्या, अंगणात एकच.

तिला सोडायला निघालेला थोरला भाऊ कैलाश गाडी पुसत होता.

"काय वो, गोठ्यापर्यंत रांगोळी? गाईले पेपर द्यायचा हाय का?"

"तिले तुझ्यापेक्षा बरं समजते, दादा. इथं हा कायले नाही पळून राहिला?"

"दमला असन."

आलेख दमत नसतात. तिने २.९९९ घेतले: ०.८३३. मग ३.००१: पुन्हा ०.८३३. म्हणजे आलेख अनंताकडे नव्हे, निमूटपणे पाच-षष्ठांशाकडे निघाला होता. छेद शून्याकडे जात असताना त्याला कोण आवरत होते? उरला होता फक्त अंश. तिने त्यात तीन घातले. नऊ वजा तीन वजा सहा.

"दादा! अंश बी शून्य हाये!"

"मग नोकरी बी शून्य का?"

"गाडी काढ! आता तर शिकवाले मजा येते पाहा!"

शहापूरच्या शिकवणीत प्रवेश परीक्षेच्या घाईपायी तिच्याकडून एकच युक्ती घोटून घेतली होती: छेद शून्य करा, उभी रेघ मारा. अंशाचे अवयव तिने त्यानंतर कधी पाडलेच नव्हते. आता तिने ते काडीने मातीत पाडले: वर (x − 3)(x + 2), खाली (x − 3)(x + 3). टिपणातली दुसरी रेषा तिने खोडली आणि पाठाची सुरुवात तिथूनच करायचे ठरवले.

(x − 3) हा अवयव अंशात आणि छेदात एकेकदा होता. तो छाटला की (x + 2)/(x + 3) उरते, आणि त्याचा छेद तीनवर शून्य होत नाही. म्हणून तीनवर रेषा नव्हती. आलेखातला फक्त एक बिंदू गळला होता.