पिशवीचा लहान भाग

तीन महिने पुरे होईपर्यंत सून पोटुशी असल्याचं बाहेर कळू द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून जागृतीचं पोट दुखायचं, तरी मीच तिला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. घरीच शेक देत राहिले.

काल सकाळी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला रिक्षात घातलं. सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिची गर्भपिशवी जन्मापासूनच दोन भागांची आहे. मूल लहान भागात राहिलं आणि तो भाग आता फाटतोय. ऑपरेशन लगेच करावं लागेल. मूल वाचणार नाही."

"मोठ्या भागात सरकवता नाही येत?" मी विचारलं.

"ना, माँजी."

जागृती डोळे मिटून म्हणाली, "आई, आता तरी सांगा सगळ्यांना. रक्त लागणार आहे."

माझा मुलगा सचिन नावाच्या गावी कामावर होता. त्याला बोलावलं आणि मग आमच्या उधना वस्तीतल्या शेजारणीला, नूतनला फोन लावला.

"अगं बाई, पोटुशी आहे? आणि आत्ता सांगताय? पेढे कुठायत?"

"मूल वाचत नाही, नूतन. रक्त द्यायला माणसं घेऊन ये."

मग मी पुढच्या घरी फोन लावला. अशी सात घरं झाली.