रमाचा मुका कुकर

मित्रांनो, मी एक कुकर आहे, पाच लिटरचा. माझं बूड काळं पडलंय, एक कान सैल झालाय. चिंचपोकळीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. गेले आठ महिने, एक दिवस सोडला तर, फळीवर पालथा पडून आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. लग्नात नवरीच्या मामाने नाव कोरून मला आहेर म्हणून दिलं, आणि मी तिच्याबरोबर इथे आलो. चाळ तिला रमाबाई म्हणायची. मला ती रमाच. तिचा नवरा लवू फौजेत होता. तो सुट्टीवर आला की माझ्या शिट्या मोजत बसायचा. "वाज रे बाबा, कळू दे सगळ्यांना, हवालदार घरी आलाय!"

मग कारगिलची लढाई झाली. लवू हातीपायी धड परत आला. चाळीने त्याला ओवाळलं, शेजारच्या दत्तारामने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी रमाने डाळ लावली. मी शिटी मारली आणि लवू पलंगाखाली शिरला. कान दाबून, जमिनीला तोंड लावून तो पाऊण तास तसाच होता. तोफेचा गोळा येतो तेव्हा आधी अशीच शीळ ऐकू येते, हे त्याने रमाला पुढे कधीतरी सांगितलं. दुसऱ्या कुणालाच नाही.

त्या दिवसापासून मी वाजलो नाही. टोपात डाळ शिजायला फार वेळ जाई आणि रमाला सकाळी लालबागला मसाल्याच्या दुकानात कामावर पोचायचं असे. म्हणून ती उलथनं घेऊन माझ्यापाशी उभी राहायची. वाफ कधी भरली ते तिला माझ्या थरथरण्यावरून कळे. मी वाजणार एवढ्यात ती उलथन्याच्या टोकाने शिटी उचलायची. फुस्स करून वाफ जायची, ती थेट तिच्या मनगटावर. तिथले तांबडे चट्टे कधी गेलेच नाहीत. आणि सकाळी चाळभर शिट्या सुरू झाल्या की लवू फिरायला निघून जाई. लोकांना वाटे, फौजी शिस्त.

पण चाळीच्या भिंती पातळ. कुणाकडे किती शिट्या झाल्या, ते सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा दत्ताराम गॅलरीतून ओरडला, "काय गो वहिनी, तुझा कुकर मुका की काय?"

"मलाच सोसत नाही, भावोजी," रमा म्हणाली. "शिटी वाजली की माझ्या छातीत धडधडतं."

"अगो, फौजीची बायको तू! नि शिटीला भितेस?"

सगळी गॅलरी हसली. आत लवूने पेपर तोंडापुढे धरला.  खरं काय ते तो पुढे वीसेक वर्षं बोलला नाही.

आठ महिन्यांपूर्वी रमा तापाने गेली. लवूने मला घासून, पुसून पालथं ठेवलं. आता तो टोपात डाळ लावतो. कधी ती कच्ची राहते, कधी करपते. तो तशीच खातो.

मागच्या महिन्यात दत्तारामची नात आरोही आली. तिला कॉलेजच्या स्पर्धेसाठी लहानशी फिल्म करायची होती, लढाईहून परतलेल्या माणसाच्या घरावर. कॅमेरा तिच्या मित्राकडे, आल्विनकडे होता. लवूने मेडल दाखवलं आणि पाठ केल्यासारखं चार वाक्यं बोलला. आरोहीचं समाधान होईना. मग तिने आपल्या आजोबांना खुर्चीत बसवलं.

"वहिनी माणूस चांगली," दत्ताराम म्हणाला, "पण भित्री हो! नवरा तोफांपुढे उभा राहिला, नि ही कुकरच्या शिटीला घाबरायची!"

आल्विनला हसू आवरेना. "लवूआजोबा, हे ठेवते हं," आरोही म्हणाली. "जरा गंमत येईल."

लवू उठला. त्याने मला फळीवरून काढलं, पाणी घातलं, झाकण लावलं, गॅस पेटवला. "कॅमेरा चालू ठेव रे," तो आल्विनला म्हणाला, आणि हाताची घडी घालून उभा राहिला. उलथनं घेऊन कुणीच उभं नव्हतं. मित्रांनो, मला वाजायचं नव्हतं. पण वाफेपुढे माझं काय चालणार?

मी वाजलो. लवू ओट्याखाली कोसळला. दोन्ही हात कानांवर.

"लवू! अरे, काय झालं रे?" दत्ताराम धावला. आरोहीने गॅस बंद केला. आल्विनने कॅमेरा खाली घेतला.

"कॅमेरा बंद नको करू, पोरा," लवू जमिनीवरूनच म्हणाला.  "मी भितो. ती नाही. माझी लाज झाकायला ती सगळ्यांचं हसू सोसत राहिली, नि मी पेपर वाचत बसलो. हे घाल फिल्ममध्ये."

फिल्म चाळीच्या मंडळाच्या खोलीत दाखवली. माझ्या शिटीचा आवाज आरोहीने काढून टाकला होता, लवूला बसून बघता यावं म्हणून. त्या जागी पडदा नुसताच शांत होता. कुणी हसलं नाही. पण ते बघायला रमा नव्हती.

मित्रांनो, एखाद्या घरातली रीत तुम्हांला वेडगळ वाटली, तर हसण्याआधी थांबा. तिथे कुणीतरी कुणालातरी सांभाळत असेल. आणि तुम्हांला कुणी सांभाळत असेल, तर ते माणूस असेपर्यंत बोला.

परवा सकाळी भिंतीपलीकडे दत्तारामचा कुकर वाजलाच नाही. नुसतं फुस्स झालं. मागोमाग तो कळवळला, "आई गं! भाजलं!"

लवू टोपातली डाळ ढवळत होता. त्याचा हात थांबला.

"रमा कधी ओरडली नाही," तो म्हणाला. खोलीत ऐकायला मी एकटाच होतो.