रिकाम्या खोबणीचा राग

मित्रांनो, संगणकाच्या हिरव्या पाटीवरची मी एक जुनी खोबण. जाणकार मला सॉकेट म्हणतात. शेजारी मुख्य चिप बसली, माझी जागा मात्र तिच्या जोडचिपेसाठी राखून ठेवली. अपूर्णांकांची किचकट गणितं चुटकीसरशी सोडवणं, हे त्या जोडचिपेचं काम. ती कधी आलीच नाही. म्हणून आज रागानेच बोलते आहे.

१९८७ साली आचऱ्याच्या खाडीवर, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून, खारबंधारा बांधायला घेतला. उधाणाचं पाणी किती चढेल, झडपा किती उंच हव्यात, हे गणित बंधाऱ्याच्या कचेरीतल्या आमच्या संगणकाकडे आलं. बिचारी मुख्य चिप एकटीच ओढत बसे. मध्येच वीज जाई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बंधाऱ्याआड आनंदीबाईंचं भाताचं शेत होतं, आणि अमावास्येचं उधाण जवळ येत होतं.

इंजिनीयर जासिंतबाईंनी कचेरीचे मुख्य दत्ताराम यांना बजावलं, "साहेब, ह्याच मुख्य चिपेच्या घराण्यातली जोडचिप मागवा. दुसरी कितीही वेगवान असली तरी इथे बसायची नाही. हे बघा, ह्या खोबणीची भोकंच वेगळी."

"बाई, तुमी गणिता करा. इचारूचा काम माझा," म्हणत ते देवळात, मूर्तीला पाकळ्या लावून कौल घ्यायला गेले. परतले ते ऐटीत. "गाऱ्हाणा घातलंय, म्हाराजा, वेगवान ती बरी मां? उजवी पाकळी पडली. देवाचो होकार."

देवाने विचारलं तेवढंच सांगितलं. वेगवान ती बरीच. पण ती माझ्यात बसेल का, हे कुणी विचारलं? आणि जे डोळ्यांसमोर दाखवलं जात होतं, त्यासाठी देवाला शिणवायचंच कशाला?

परक्या घराण्यातली ती चिप आली. "बसतली, बसतली," म्हणत दत्ताराम अंगठ्याने रेटत राहिले. तिचे पाय मोडले, माझी भोकं फाकली. अमावास्या येऊन ठेपली, तरी गणित अर्धवटच राहिलं. झडपा अंदाजाने बसवल्या आणि उधाण त्यांच्यावरून आत शिरलं.

आनंदीबाई खाऱ्या पाण्याने करपलेल्या भाताची मूठ घेऊन कचेरीत आल्या आणि त्यांनी ती माझ्या शेजारी ठेवली.

"देवाची इच्छा, काकी," दत्ताराम म्हणाले.

"देवाचा नाव घेव नको, रे," त्या हळूच म्हणाल्या. "देवान जासिंतीक तोंड दिल्यान, तुका कान दिल्यान. ते तू खंय ठेवलंस?"

मित्रांनो, देवापुढे जरूर हात जोडा. पण जाणत्याचं ऐकायचं टाळून देवाच्या पायरीआड लपू नका. यंत्रात काही बसवण्याआधी त्याची जागा नीट बघा. माझी भोकं फाकली, त्याचं एवढं काही नाही. मीठ शिरलेल्या त्या शेतात पुढच्या वर्षीही भात रुजलं नाही.