पपईची नळी

पाण्याचं दूध होत होतं, आणि तेही नुसत्या फुंकरीने!

कुंभवलीच्या मागचा अख्खा डोंगरीपाडा जांभळाखाली दाटीवाटीने बसला होता. कोरोनाची दुसरी लाट होती. ‘एकमेकांपासून लांब राहा’ असं सरकार टीव्हीवरून रोज बजावत होतं. पाड्यात टीव्ही दोन-तीन घरांत होता, लांब राहायला जागा मात्र एकाही घरात नव्हती.

मधोमध खाटेवर वायुनाथ महाराज बसले होते. भगवी लुंगी, गळ्यात लिंबाएवढे रुद्राक्ष आणि तोंडावर एकावर एक दोन मास्क. एका म्हातारीने भाबडेपणाने कारण विचारलं, तर महाराज गंभीर झाले. ‘‘माते, आमच्या श्वासाचं तेज तुम्हाला सोसणार नाही. म्हणून झाकून ठेवलंय.’’

म्हातारीने हात जोडले.

‘‘भक्तजनहो, रोग राहतो कुठे? श्वासात! डॉक्टर नाकात काडी घालतो आणि कागदाची वाट बघायला लावतो. आम्ही तुमचा रोग तुमच्याच डोळ्यांसमोर पाण्यात उतरवतो. हे हिमालयातल्या गुहेतलं जल आहे. याला पाप दिसतं!’’

समोर काचेचा पेला होता. त्यात नितळ पाणी आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ. माणसाने देठ तोंडात धरून पाण्यात फुंकायचं. बघता बघता पाणी दुधाळ व्हायचं आणि गर्दीतून ‘अगं बाय!’ उठायचं. मग महाराज ओरडायचे, ‘‘थांबू नकोस! रोग बाहेर आलाय, आता जाळ त्याला!’’ माणूस फुंकत राहायचा, छाती भरून, डोळे बाहेर येईस्तोवर, आणि पाणी हळूहळू पुन्हा निवळायचं. रोग जळाला! पेल्यात नवं पाणी यायचं. देठ मात्र तोच. महाराज त्यावर मंत्र पुटपुटायचे आणि तो पुढच्याच्या तोंडात जायचा.

दीपाली मागे बसून हे बघत होती. पाड्यातली ती पहिली बी.ए. मांडीवर तिची वैशू, जेमतेम तीन वर्षांची, पदराने नाक-तोंड झाकलेली. कोण खोकलं, कोणी कोणत्या हाताने नाक पुसलं आणि तोच हात कोणाच्या पोराच्या गालाला लावला, एवढंच दीपाली दिवसभर बघायची. बाया हसायच्या, ‘‘पोरीला लोणच्यावानी झाकून ठेवते ही.’’

या महाराजांना पाड्यात आणलं ते मनीषशेठने. मनीषशेठ म्हणजे तारापूरच्या कारखान्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार. रोज सकाळी त्याचा टेम्पो पाड्यात यायचा आणि माणसांना उभं कोंबून न्यायचा. पहिला ताप दिसला तेव्हा सुका भगताने जुन्या रीतीने शीव बांधली होती. पाड्याच्या वाटेवर आंब्याच्या पानांची दोरी आडवी ताणायची, मग आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. देवीच्या साथीत त्याच्या आज्यानेही हेच केलं होतं. टेम्पो त्या दोरीपाशी थांबला. मनीषशेठ खाली उतरला आणि दोरी तोडून म्हणाला, ‘‘तुमी घरात बसाल, तर कारखान्यातली माझी लाइन काय तुमचा देव चालवील?’’

तरी माणसं बिचकली. घरात बसावं तर पोटाला काय, आणि जावं तर मरणाची भीती. तेव्हा शेठने महाराज आणले. ज्याचं पाणी निवळलं तो शुद्ध, त्याने बिनघोर टेम्पोत चढावं. ज्याचं निवळलं नाही त्याच्या घरात पाप.

पाड्यातल्या जिवल्याचं पाणी सगळ्यांच्या आधी निवळलं होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो आठवडाभर टेम्पोतून गेला आणि एका सकाळी उठलाच नाही. त्याच्या खोलीत त्याच्या अंगाला अंग लावून झोपणारे सगळे तापले. महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला, ‘‘त्याने फुंकताना मनात शंका घेतली.’’

मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आता भावेश तापला होता. दीपालीचा नवरा. बोलताना मध्येच थांबून दम घ्यायचा.

‘‘दवाखान्यात चल,’’ दीपाली म्हणाली.

‘‘दवाखान्यात गेलेला पलास्टिकात येतो.’’

सासू मंगळीने विषयच मिटवला. ‘‘सांजंला म्हाराजाकडं नेऊ. मी काल फुंकून आली, बग कशी टुणटुणीत हाय. फकस्त थोडं पानी तोंडात गेलं ना, तर जीब भाजली. तंबाखूत चुना जास्ती पडला का कशी भाजते, तशी.’’

दीपालीचा भाकरी थापणारा हात थांबला.

चुना. पाड्यातल्या प्रत्येकाच्या कनवटीला चुन्याची डबी. रोज बोटाने काढून तंबाखूत मळतात, आणि तोच पेल्यात विरघळून समोर आला तर कोणाला ओळखू आला नाही! आश्रमशाळेत बाईंनी करून दाखवलं होतं. चुन्याची निवळी, त्यात फुंकायचं, उच्छ्वासातल्या वायूने ती दुधाळते. कोणाच्याही उच्छ्वासाने. आणि छातीत दम असेल, फुंकत राहिलं, तर पुन्हा निवळते.

सासूच्या डबीतला चुना तिने बाटलीत कालवला आणि बाटली चुलीमागे ठेवली. दुपार कलल्यावर वरची निवळी अलगद ओतून घेतली आणि रिकाम्या पेनच्या नळीने फुंकली. पाणी दुधाळलं. ती हसणार, तेवढ्यात मनात आलं, ‘‘मलाच झाला असेल तर?’’

संध्याकाळी जांभळाखाली नेहमीची गर्दी होती. भावेशला दोघांनी धरून बसवलं. त्याने देठ तोंडात घेतला. पाणी दुधाळलं. ‘‘फुंक!’’ महाराज ओरडले. भावेशने फुंकलं, खोकला, पुन्हा फुंकलं. ओठ काळेनिळे झाले. पाणी तसंच पांढरं.

‘‘फुंक रं भावेश!’’ लोक ओरडत होते, शर्यतीतल्या बैलाला ओरडावं तसे.

तो कोलमडला. महाराजांनी हात वर केला. ‘‘शांत! मूळ याच्यात नाही. मूळ याच्या घरात आहे. लहान जिवात लपलंय. पोर आणा!’’

मंगळीने स्वतः हात पुढे केले. ‘‘दे पोरीला, दीपाली. बापाचा जीव जातोय.’’ आणि भावेशच्या तोंडातून निघालेला, लाळेने ओला तो देठ वैशूच्या तोंडाकडे येऊ लागला. वैशूने आ केला. तिला तो खेळ वाटला.

दीपालीने देठावर थाप मारली. तो धुळीत पडला.

‘‘चुन्याचं पाणी हाय हे! आमच्या आयच्या डबीत असतो तोच चुना. हे बगा.’’ तिने आपली बाटली काढली, पेला उपडा करून त्यात निवळी ओतली आणि आपल्या नळीने फुंकलं. दूध!

महाराज गोड हसले. ‘‘बघितलंत? हिच्यातही रोग आहे. मूळ सापडलं!’’

‘‘हिलाच झालाय!’’ कोणीतरी किंचाळलं. ‘‘हिनंच नवऱ्याला दिला!’’ बाया मागे सरकल्या. मंगळीही त्यांच्याबरोबर मागे सरकली. दुपारची शंका आता सगळ्या पाड्याच्या तोंडी होती. खरंच, श्वासाने काहीच सिद्ध होत नव्हतं. ज्याला छाती नाही, घर नाही, पाप नाही, असं काहीतरी हवं होतं.

मनीषशेठ बाजूला खुर्चीत बसून आपला दारूचा पेला भरत होता. पायाशी सोड्याची बाटली. तिच्या बुडबुड्यांत उच्छ्वासातलाच वायू.

दीपालीने ती उचलली.

‘‘ए बाई, ती माझी—’’

तिने महाराजांचा पेला पुन्हा उपडा करून त्यात ताजी निवळी ओतली आणि वरून सोड्याची बारीक धार धरली. पाणी दुधाळलं.

‘‘सोड्याच्या बाटलीला कोरोना झाला,’’ दीपाली म्हणाली. ‘‘शेठ, हिला उद्या कामावर न्यायची का नाय?’’

तिने आणखी सोडा ओतला, बराच. पाणी निवळलं.

‘‘बरी झाली. टेम्पोत चढवा.’’

सुका भगत काठी टेकत पुढे आला, पेला उजेडाकडे धरून बघितला आणि थुंकला. ‘‘बाटलीच्या घरात कोनचं पाप रं, म्हाराज?’’

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसू लागले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

दीपालीने धुळीतला देठ उचलला. ‘‘आता तुमी फुंका, महाराज. तुमच्या तेजानं पाणी तसंच राहील. काढा मास्क.’’

‘‘मूर्ख बाई!’’ देठ ओठांजवळ येताच महाराज खाटेवर मागे सरकले, इतके की पडता पडता वाचले. ‘‘लांब कर ते! सगळ्यांची थुंकी लागलीय त्याला!’’

हसणं थांबलं.

एकेकाचा हात आपल्या ओठांकडे गेला. कोणी पदराने तोंड पुसलं, कोणी पोराचं पुसलं. ज्यांनी जिवल्याच्या मागोमाग फुंकलं होतं त्यांना ते आठवलं. महाराजांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर दोन मास्क होते.

दगड उचलले जाईपर्यंत महाराज शेठच्या गाडीत होते. गाडी धुरळा उडवत गेली, मागोमाग टेम्पोही गेला. आणि मग दीपालीच्या लक्षात आलं की पाड्यात चाकं होती ती तेवढीच.

भावेशला चादरीच्या झोळीत घातलं आणि बांबूवरून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती डहाणूकडे गेलेली. भाजीची रिकामी पिकअप थांबली एकदाची. दवाखान्यात खाट मिळाली ती व्हरांड्यात. डॉक्टर थकलेले होते, चिडलेले होते.

‘‘इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?’’

दीपालीने खरं तेच सांगितलं. ‘‘पाण्यात फुंकत होतो.’’

भावेश परत आला तो प्लास्टिकात. मंगळी रडली नाही. कनवटीची डबी काढून तिने सुनेच्या हातात दिली. ‘‘घे. दाखव सगळ्यांना. मी माज्या हातानं पोर देत व्हती.’’

म्हणून आता दीपाली ते पाड्यापाड्यांत दाखवते. कडेवर वैशू, पिशवीत डबी आणि सोड्याची बाटली. पाणी दुधाळतं, लोक हसतात, आणि मग ती बोलते.

‘‘पाणी पांढरं झालं तर घाबरू नका, तो चुना आहे. माणसाचा दम तुटायला लागला तर घाबरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. साथ आपल्याच पाड्यात जास्त का पसरली, हे कोणत्या महाराजाला विचारू नका. एका खोलीत किती जण झोपतो ते बघा. हातपंप किती लांब आहे ते बघा. तापात घरी बसलं तर चूल पेटते का, ते बघा. पाप त्यात आहे, आणि ते आपलं नाही.’’

भावेश गेल्यावर लगेच डोंगरीपाड्याच्या वाटेवर सुका भगताने पुन्हा दोरी बांधली होती, या वेळी दीपालीने दुसरं टोक धरलं होतं. आठवडाभराने टेम्पो आला आणि दोरीपाशी थांबून भोंगा वाजवत राहिला. दीपाली चालत गेली. ड्रायव्हरने काच खाली केली.

‘‘क्या हुआ दीदी? शेठ बुला रहे हैं. लोग नहीं आएँगे?’’

‘‘शेठला एक विचार,’’ दीपाली म्हणाली. ‘‘कामावर न्यायला ही गाडी रोज दारापर्यंत येते. दवाखान्यात न्यायला का नाय आली?’’